ओतोहाला सुट्टी नाही

नोहेजी, २४ सप्टेंबर १९९६

प्रिय वन्सं,

नमस्कार. तुमचं पत्र उन्हाळ्यात आलं आणि उत्तर आत्ता लिहिते आहे, राग मानू नका. शिंपल्यांच्या कारखान्यात सध्या काम फार आहे. दिवसभर सुरीने शिंपले उघडल्यावर संध्याकाळी हातात पेन धरवत नाही.

काल थडग्यावर जाऊन आलो. दगड धुतला, यांच्या आवडीचे गोड भाताचे गोळे ठेवले. आई बऱ्या आहेत. तुमची आठवण काढतात.

तुम्ही लिहिता ती 'शंखकन्या' मालिका दर शनिवारी टीव्हीवर न चुकता लागते आमच्याकडे. चौघी शाळकरी मुली शंख कानाला लावतात, गणवेश विरघळून फेसासारखे झगे अंगावर येतात, आणि मग गावाच्या चार दरवाजांवर चौघी उभ्या राहतात. आमच्या चिनात्सुला सगळं तोंडपाठ झालंय. तिला ती उत्तर दरवाजावरची ओतोहा आवडते, जी फारसं बोलत नाही. परवा विचारत होती, की बाकीच्या तिघी लढाई संपली की परत गणवेशात येतात, सहलीला जातात, आइस्क्रीम खातात. ओतोहा मात्र तिथेच दारात उभी. तिची पाळी कधी बदलत नाही का? तिला सुट्टी नसते का? मला काय उत्तर द्यावं कळेना, म्हणून तुम्हाला विचारते. लहान पोरीचा प्रश्न आहे, वेळ असेल तरच उत्तर द्या.

तब्येत सांभाळा. तोक्योत थंडी उशिरा येते म्हणून गाफील राहू नका.

तुमची,
तोयोमी


तोक्यो, २० ऑक्टोबर

प्रिय वहिनी,

तुमचं पत्र खिशात घेऊन आठवडाभर हिंडते आहे. चिनात्सुला सांगा, चार वर्षांत या मालिकेबद्दल मला कुणी इतका शहाणा प्रश्न विचारलेला नाही.

इथे बैठकीत वेगळेच प्रश्न असतात. खेळणी बनवणाऱ्या कंपनीला नाताळच्या आत नवा शंख हवाय, दिवे लागणारा. म्हणून मुलींना नवी शक्ती मिळायला हवी, म्हणून आधीची शक्ती जायला हवी, म्हणून कुणीतरी हरायला हवं. निर्माते हिशिनुमासाहेब हे सगळं अशा शांतपणे सांगतात, जणू हवामानाचा अंदाज वाचतायत. आमचे दिग्दर्शक टेबलाखाली गादी टाकून झोपतात. रूपांतराचं तेच दृश्य दर आठवड्याला वापरतात, त्यामुळे चित्रकारांना तेवढाच श्वास मिळतो. मला तोही नाही. शब्द दर आठवड्याला नवे लागतात. कधी कधी वाटतं, मी चार वर्षं एकच गोष्ट लिहिते आहे आणि ती संपतच नाही.

लिहिताना मी चिनात्सुला डोळ्यांसमोर ठेवते, हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. दादा गेल्यानंतर तर फारच. टीव्हीसमोर ती आणि तिच्या मागे तुम्ही, एवढंच दिसतं. ओतोहावर एक आख्खा भाग लिहिते आहे. तिचा प्रश्न त्यातच असेल, आणि उत्तरही.

या वर्षीही नववर्षाला येणं जमेलसं वाटत नाही. आईला तुम्ही समजावाल ना?

इकुको


नोहेजी, १ डिसेंबर

प्रिय वन्सं,

ओतोहाचा भाग पाहिला. छान होता. ती पहाटेच्या गाडीत बसते, गाडी सुटते, शंखातून दरवाजाचा आवाज येतो आणि पुढच्या स्टेशनावर ती उतरून चालत परत येते. बर्फातून चालण्याचं दृश्य चित्रकारांनी चांगलं काढलंय.

चिनात्सुने भाग संपताच टीव्ही बंद केला.

इथेही बर्फ टिकायला लागलंय. छपरावरचं काढून झालं की अंगणातलं, अंगणातलं झालं की परत छपरावरचं. आई ठीक आहेत. सफरचंदांची पेटी पाठवली आहे, थोडी मार लागलेली असतील ती आधी खा.

तोयोमी


तोक्यो, १५ डिसेंबर

प्रिय वहिनी,

सफरचंदं मिळाली. लागलेली एकही नव्हती.

तुमचं पत्र फार लहान होतं. पुन्हा पुन्हा वाचलं आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गाडीतून उतरून परत येणारी माणसं चिनात्सुला दाखवायची मला काय गरज होती? तिचा बाप परत आला नाही. दादाची बोट त्या सकाळी निघाली ती निघालीच. तिने टीव्ही बंद केला नसता तरच नवल. मला आधी सुचायला हवं होतं. तिची मी माफी मागते आहे असं तिला सांगा.

पण वहिनी, तुमच्यापुरतं एक सांगते. तो भाग मी तुमच्यासाठी लिहिला होता. ओतोहा परत येते तेव्हा तिला कुणी शाबासकी देत नाही, कुणाला ती गेली होती हेही कळत नाही. ती दारात जाऊन उभी राहते, बस. ते लिहिताना मला तुम्ही दिसत होता. दादा गेल्यावर सगळे म्हणत होते की तोयोमी पोरीला घेऊन माहेरी जाईल. तुम्ही गेला नाहीत. ज्या घरात मी जन्मले ते घर तुम्ही धरून ठेवलंत. मला हे तोंडाने कधी सांगता आलं नसतं, म्हणून चित्रातल्या पोरीकडून वदवून घेतलं. तुमचा मान राखावा एवढीच इच्छा होती.

हा भाग इथे सगळ्यांना आवडला. हिशिनुमासाहेबही म्हणाले की शेवटी कुणीतरी थांबायलाच हवं, मुलांना ते पाहून धीर येतो.

चिनात्सुसाठी नवा शंख पाठवते आहे, दिवे लागणारा. दुकानात यायच्या आधीचा.

इकुको


नोहेजी, ११ जानेवारी १९९७

आत्या,

नववर्षाच्या शुभेच्छा. शंख मिळाला. थँक्यू. पण मी तो शेजारच्या मायुला दिला, ती बालवाडीत आहे आणि ती खूश झाली. तू रागावू नकोस. खोटं बोलण्यापेक्षा सांगितलेलं बरं, म्हणून लिहिते आहे.

मी शंखकन्या चौथीत असतानाच बघायची बंद केली. आता मी सहावीत आहे आणि टेबल टेनिसच्या क्लबमध्ये आहे. शनिवारी आमचा सराव असतो, उशिरा येते. घरी शंखकन्या आई बघते. इस्त्री करता करता बघते, पण इस्त्री थंड होऊन जाते तरी तिला कळत नाही. मी तुझी माफीबिफी वाचली, आईने टेबलावर पत्र ठेवलं होतं. मी काहीच बंद केलं नाही. मी तेव्हा घरीच नव्हते.

ते ओतोहाबद्दल मी विचारलेलं नाही. मला ओतोहा बोअर वाटायची.

दुसरं म्हणजे आजी. ती बर्फात बाबाची बोट बघायला जाते. चपला न घालता जाते. आम्ही दाराला घंटी बांधली आहे, वाजली की आई पळते. कारखान्यातून आईला दोनदा अर्ध्या कामावरून यावं लागलं. हे तुला माहीत आहे का? आईला विचारलं तर म्हणते, आत्याला काम असतं.

शरद ऋतूत मोरिओकाहून आईची मैत्रीण आली होती. मित्सुए काकी. तिचं केस कापायचं दुकान आहे. त्या दोघी खूप वेळ बोलत होत्या. ती गेल्यावर आईने कपाटातून तिची जुनी कात्री काढली, धार लावली आणि परत ठेवून दिली. मधूनमधून अजून काढते.

मी हे लिहिलंय ते आईला माहीत नाही. तू तिला सांगितलंस तरी चालेल, मला ओरडा खायची सवय आहे.

चिनात्सु


तोक्यो, २६ जानेवारी

प्रिय वहिनी,

चिनात्सुचं पत्र आलं. तिला रागावू नका. तिने थोडक्यात लिहिलं आणि सगळं लिहिलं. मला चार वर्षांत ते जमलेलं नाही.

मी ते वाचून तुमची जुनी पत्रं काढली. 'चिनात्सु विचारत होती', 'चिनात्सुला वाटतं', 'चिनात्सुला रडू आलं'. मी या वाक्यांवरून भागच्या भाग लिहिले. बैठकीत सांगायचे, की माझी भाची असं म्हणते. आता वाटतं, मी बाराएक वर्षांच्या मुलीशी बोलत होते आणि समोर माझ्याच वयाची बाई बसून उत्तराची वाट बघत होती.

आई चपला न घालता बर्फात जाते हे मला पोरीकडून कळावं? मी परकी आहे का? हे रागाने लिहिते आहे, आणि रागावण्याचा मला हक्क नाही हेही कळतंय. मी दादाच्या अंत्यविधीनंतर घरी आलेले नाही. दर वर्षी काम असतं, आणि दर वर्षी ते खरंच असतं.

मार्चमध्ये मालिका संपतेय. शेवटचा भाग माझ्याकडे आहे. त्यात मी ओतोहाला सोडलं आहे. ती दरवाजा उघडा टाकून निघून जाते आणि तिच्यामागे काय होतं ते आम्ही दाखवत नाही. हिशिनुमासाहेबांनी कागद वाचला, चष्मा पुसला, आणि बघू म्हणाले.

ते जाऊ द्या. मला सरळ सांगा. तुम्हाला जायचं आहे का?

इकुको


नोहेजी, ९ फेब्रुवारी

वन्सं,

तुम्ही सरळ विचारलंत म्हणून सरळ लिहिते. दोनदा लिहून फाडलं, आता हे कसंही झालं तरी पाठवणार आहे.

हो, जायचं आहे.

लग्नाआधी मी केस कापायचे हे तुम्हाला आठवत असेल. परवाना माझ्याकडे अजून आहे. मित्सुएच्या दुकानात दोन खुर्च्या आहेत, एक रिकामी आहे. वरच्या मजल्यावर राहायची खोली आहे. चिनात्सुला एप्रिलपासून मोरिओकाच्या माध्यमिक शाळेत घालता येईल. मित्सुए मार्चपर्यंत थांबते म्हणाली. त्यानंतर तिला दुसरं कुणी घ्यावं लागेल, तिलाही पोट आहे.

मला काही झालेलं नाही. कुणी छळत नाही, आई कधी वाकडं बोलल्या नाहीत. मी फक्त दमले आहे. झोपून उठल्यावर जाते तशी ही दमणूक नाही. बर्फ काढताना मधेच थांबते आणि फावडं कशासाठी हातात घेतलं तेच आठवत नाही. आई दिवसातून कितीतरी वेळा विचारतात की बोट आली का. पहिले काही महिने मी खरं सांगायचे, आणि दर वेळी त्या ती बातमी पहिल्यांदा ऐकल्यासारख्या कोसळायच्या. मग मी सांगायला लागले की येतेच आहे. आता मला स्वतःलाच रोज ते म्हणावं लागतं, यांच्याबद्दल, यांच्याच फोटोसमोर उभं राहून.

तुम्ही म्हणालात, माझा मान राखला. वन्सं, त्या शनिवारी मी एकटीच टीव्हीसमोर होते. ओतोहाचा प्रश्न मी विचारला होता, त्यामुळे उत्तरही मलाच आहे असं धरून बसले होते. ती गाडीत बसली तेव्हा मी इस्त्री खाली ठेवली. ती उतरली तेव्हा मला वाटलं की तुम्हाला सगळं कळलंय, आणि तुम्ही मला नको म्हणताय. मी मित्सुएला तेव्हाच नकार कळवायला घेतला होता. मग तुमचं पत्र आलं की ते कौतुक होतं. मला हसू आलं. मला हसताना बघून आई घाबरल्या.

चिनात्सुच्या नावाने लिहीत राहिले, कारण चाळिशीची बाई मुलींची मालिका बघते हे सांगायला लाज वाटते. आणि आईंबद्दल कळवलं नाही त्याला कारण होतं. ते माझं एकटीचं नव्हतं, म्हणून सांगत नाही.

आईंना एकटं सोडून मी जाणार नाही. एवढंच. बाकी तुम्ही ठरवा, किंवा ठरवू नका. तुम्ही नाही म्हणालात तरी मी तुमच्याशी बोलणं तोडणार नाही.

तोयोमी


तोक्यो, २३ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

शेवटचा भाग बदलला. हिशिनुमासाहेबांचं म्हणणं असं की उघडा दरवाजा बघून लहान मुलं रात्री झोपणार नाहीत. त्यांचं अगदीच चुकतंय असंही नाही. मी भांडले, पण जितकं भांडायला हवं तितकं नाही, माझ्यात तेवढं बळ उरलं नव्हतं. तर आता शेवटी तिघी शाळेत जातात आणि ओतोहा उत्तर दरवाजातून हात हलवते. खाली नावं सरकतात, त्यात माझंही.

पडद्यावर ओतोहा राहिली. तुम्ही राहू नका.

मित्सुएबाईंना होकार कळवा. मी मार्चच्या मध्यात येते. पुढच्या मालिकेला नाही म्हणून सांगितलं. मुलांच्या एका प्रश्नमंजुषेच्या कार्यक्रमासाठी प्रश्न लिहून पाठवायचं काम धरलं आहे, ते फॅक्सवर होतं.

मी मोठी उदार होऊन हे करते आहे असं समजू नका. मी एक वर्ष म्हणते आहे, त्यापुढचं मला दिसत नाही. मला स्वयंपाक येत नाही, सकाळी उठवत नाही, आणि आईला अंघोळ कशी घालायची ते मला माहीत नाही. आओमोरीच्या वृद्धाश्रमात अर्ज करून ठेवणार आहे. तुम्हाला ते पटणार नाही कदाचित. पण तुम्ही जे केलंत ते माझ्याच्याने होणार नाही, आणि होईल असं खोटं सांगून मी येणार नाही.

मला यायच्या आधी एवढं लिहून ठेवा: आई काय खाते, कशाला घाबरते.

इकुको


नोहेजी, २७ एप्रिल

प्रिय वहिनी,

तुमचं पत्र आणि फोटो मिळाला. दुकानाच्या पांढऱ्या कोटात तुम्ही कुणी वेगळ्याच दिसता. चिनात्सुने मागे जीभ काढली आहे ते तुमच्या लक्षात आलं का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, घर उभं आहे. रस्सा पहिला आठवडाभर खारट झाला, मग अळणी, आता आई काही न बोलता खाते. प्रश्न लिहायचं काम मी तिच्याशेजारी बसून करते. आठवड्यातून दोन दिवस गावच्या केंद्राची गाडी येते आणि तिला दिवसभर घेऊन जाते. हे तुमच्या वेळी का नव्हतं म्हणून मी कार्यालयात विचारलं, तर म्हणाले की होतं, अर्ज कुणी केला नाही. मग मी तो अर्ज मागून घेऊन वाचला. अर्जावर मुलाची किंवा मुलीची सही लागत होती, सुनेची चालत नव्हती.

दमते. तुम्ही लिहिलं होतं ना, झोपून न जाणारी दमणूक, ती आता ओळखीची झाली आहे. परवा चेरी फुलली असं शेजारीण म्हणाली. मी बघायला गेले नाही, त्या वेळात झोपले.

आता खरं सांगायचं ते सांगते. काल सकाळी आई स्वयंपाकघराच्या पायरीवरून घसरली. काही मोडलं नाही, डॉक्टर येऊन बघून गेले, कोपर सुजलंय. मी तिला उठवून बसवलं आणि थंड फडकं लावत होते. हल्ली ती मला नावाने हाक मारत नाही, "अगं" म्हणते, त्यामुळे ती मला कोण समजते याचा मी फार विचार केला नव्हता. काल तिने माझं मनगट धरलं आणि म्हणाली,

"तोयोमी, हे इकुकोला लिहू नकोस हं."

मी विचारलं, का नको.

"तिला झेपत नाही. लहानपणापासून अशीच. तिला कळलं तर काम टाकून धावत येईल आणि दारात बसून रडेल. तू शपथ घेतली आहेस ना माझी? मग मोडू नकोस. तुझं काय, तुला सवय आहे."

हे ती अगदी मायेने म्हणाली, वहिनी. माझ्यावरच्या मायेने. माझा हात थोपटत होती आणि ती थोपटणी तुमच्यासाठी होती, गप्प राहावं म्हणून. तुम्ही किती वेळा अशा बसला असाल, हे मी विचारणार नाही.

मी इकुको आहे असं सांगायचं ओठांवर आलं होतं. पण तिच्या चेहऱ्यावर काळजी होती, आणि ती उत्तराची वाट बघत होती.

मी म्हटलं, "नाही लिहीत, आई."

तिचा जीव शांत झाला. तिने मनगट सोडलं आणि भाताला वेळ आहे का विचारलं.

इकुको